कोपरा कापलेलं रान

१

रत्नपाल बोरकरांनी चित्रावरची जुनी साडी ओढली तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांच्या तोंडून आधी एक लांब "अहाहा" निघालं, आणि मग एकदम चिडीचूप झालं.

चित्राचा उजवीकडचा खालचा कोपरा जागेवर नव्हता. तळहाताएवढा तिकोनी तुकडा कोणीतरी ब्लेडने कापून नेला होता आणि मागची लाकडी पट्टी उघडी पडली होती. चित्रकार नाव लिहितात ती नेमकी जागा.

गोंदियाजवळच्या गोरेगावात, विहाराला लागून असलेल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये हे झालं. बाहेर एप्रिलचं ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी, आत एक कूलर घरघर करत होता. प्रदर्शन होतं केशोराव गजभिये सरांच्या आठवणीत. गजभिये सर म्हणजे ड्रॉइंगचे मास्तर. जन्मभर शाळेच्या भिंती रंगवल्या, जयंतीच्या मिरवणुकीची चित्रं काढली आणि घरच्या ओसरीत गावच्या पोरांना फुकट शिकवलं. यंदाच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या घरात सापडलेली, त्यांची आणि विद्यार्थ्यांची, अशी सगळी चित्रं वाचनालयाने मांडली होती. रत्नपाल बोरकर वाचनालयाचे सचिव. साधा गणपूर्तीचा प्रश्न आला तरी त्यांना घाम फुटतो, इथे तर कोपराच गायब.

पहिल्या रांगेत अल्काबाई रामटेके बसल्या होत्या. पोलिसात हवालदार म्हणून रिटायर झालेली बाई. पेन्शन मिळाली, गुडघे दुखायला लागले, पण नाक खुपसायची सवय काही सुटली नाही. रत्नपाल घाईघाईने त्यांच्याकडे आले.

"अल्काबाई, पोलिसात नका देऊ बरं. जयंती तोंडावर आहे. बदनामी होईन."

"मंग माझ्याकडे कायले आले? मी काय भजनी मंडळातून रिटायर झाली?" असं म्हणत त्या उठल्या सुद्धा.

आणि चित्रासमोर जाऊन ज्या उभ्या राहिल्या, त्या तपास विसरून उभ्याच राहिल्या.

अल्काबाईंना चित्रांचं वेड वगैरे काही नव्हतं. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि एका बियाणं कंपनीचं कॅलेंडर. पण हे चित्र पाहून त्यांनी नकळत पदर खांद्यावरून ओढून घेतला. बर्फात बुडालेलं रान होतं. काळी, उघडी, वाकडीतिकडी झाडं, आणि त्यांच्यामध्ये बर्फ. तो पांढरा होता असं म्हणावं तर जवळून पाहिल्यावर त्यात पांढरं फारसं सापडेना. जांभळं होतं, निळं होतं, मधेच हळदीसारखं पिवळं. रंग सुरीने थापलेला, कुठे ओरबाडलेला. कोणीतरी रागाने आणि रडत रडत हे रान उभं केलं असावं असं वाटत होतं. आजूबाजूच्या बायाही गप्प होत्या. एक म्हातारी म्हणाली, "तो कूलर बंद करा जी, हिव वाजून राहिलं." कोणी हसलं नाही.

"बाप्पा," अल्काबाई स्वतःशीच म्हणाल्या, "हे आपल्या गोरेगावात कोणी काढलं?"

मग त्यांनी चष्मा चढवला आणि कापलेली कड पाहिली. कापड सुती होतं. कापलं की धागे सुटायला पाहिजेत. इथे एकही धागा सुटलेला नव्हता, कारण कडेवर काहीतरी पारदर्शक, चकचकीत फिरवलेलं होतं. खाली फरशीवर कापडाचा कणही नव्हता. रत्नपाल म्हणत होते की कोणी रात्री हॉलमध्ये शिरला असेल. अल्काबाईंनी मान हलवली. चित्र इथे येण्याआधीच कापलेलं होतं, आणि कापणाऱ्याला त्याची काळजी होती.

"हे सिनरी कोणाची आहे, माहीत तरी आहे का?" त्यांनी विचारलं.

"तोच तर घोळ आहे. परवा, येत्या रविवारी, नागपूरहून चेतनाताई देशभ्रतार येऊन राहिल्या. मोठ्या चित्रकार. ज्याचं चित्र त्यांना आवडेल त्याला त्यांची संस्था दोन वर्षं नागपूरला ठेवणार. राहणं, खाणं, रंग, शिकवणं, सगळं त्यांचंच. आणि आत्ताच कोणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला, तो पाहून त्यांनी याच चित्राबद्दल विचारलं. मी काय सांगू?"

मागच्या भिंतीजवळून आवाज आला.

"ते माही आहे."

कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहातली दिव्या उईके. दरेकशाच्या रानातली गोंडाची पोर, सरांच्या ओसरीवरची विद्यार्थिनी. ती दोन शब्दांच्या पुढे बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

तिच्या शेजारी सरांची मुलगी दीप्ती उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "खोटं बोलून राहिली ती," दीप्ती म्हणाली. "ते माझ्या बाबांचं शेवटचं चित्र आहे."

२

दीप्तीचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान, मागे ओसरी. सर असताना त्या ओसरीवर पोरं वाकून बसलेली असायची. आता तिथे सरांची रिकामी खाट उभी करून ठेवली होती.

"जय भीम ताई, बसा." दीप्तीने पाणी दिलं. डोळे सुजलेले.

"कंबर मोडल्यावर बाबा खाटेवरच होते ना?"

"दोन हिवाळे. त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर नाही गेले. पण हात शाबूत होते ताई. उशीला टेकून रंगवत होते. घरात मीच होती, मीच पाहिलं."

"बर्फाचं रान कोठून सुचलं त्यांना?"

"कॅलेंडरवर पाहिलं असंल. आणि रान तर त्यांना पाठच होतं. चांगले होते तेव्हा दरेकशाले नेहमी जात, कागद घेऊन. ही बघा." भिंतीवर पेन्सिलीची जुनी चित्रं होती. डोंगर, रुळ, बोगद्याचं तोंड, झाडं. हात सफाईदार होता, सगळं जागच्या जागी. चांगलीच होती. पण अल्काबाईंना ती पाहून पदर ओढावासा वाटला नाही, आणि तसं वाटलं नाही याची त्यांना जरा शरमही वाटली. सर फार सज्जन माणूस.

"एक विचारते, रागावू नको. चित्रात काही झाडांखाली बर्फ नाही. गोल गोल जागा मोकळी ठेवली, काळी माती दिसते. आणि डावीकडच्या एका मोठ्या झाडाखाली मात्र खोडापर्यंत बर्फ. तसं काऊन?"

दीप्तीने क्षणभर विचार केला. "ते राहून गेलं. त्या झाडाखालचं करायचं होतं, आणि बाबा गेले. चित्र अपूर्णच आहे ताई."

अल्काबाईंनी हूं केलं. निघताना दारात थांबून त्यांनी सहज विचारलं, "वाचनालयात चित्र नेलं कोणी?"

"विवेकभाऊंनी. काल सकाळी, त्यांच्या पिकअपमध्ये. आदल्या रात्री चित्र त्यांच्याच गाडीत होतं."

बघा, एक नाव आणखी वाढलं. आणि गावात सकाळपासून ज्याचं नाव सगळे घेत होते तेच हे नाव होतं.

३

विवेक डोंगरवारचा ढाबा सडक अर्जुनीजवळ, हायवेला लागून. ट्रकवाले, खाटा, तंदुरीचा धूर. विवेक आधी फौजेत होता, काश्मीरकडे राहून आला. सुटीच्या दिवशी सरांकडे चित्र काढायला यायचा. गावाचा हिशोब सरळ होता. गोरेगाव तालुक्यात बर्फ पाहिलेला चित्रकार एकच, तर चित्र त्याचंच.

"लोक तुझं नाव घेऊन राहिले, आणि तू काही बोलून नाही राहिला," अल्काबाई खाटेवर टेकत म्हणाल्या. "हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. हे काय होय?"

विवेकने चहा पुढे केला. चांगला धिप्पाड गडी, पण लाजला.

"गोड लागत होतं ना ताई. सकाळपासून फोन येऊन राहिले. विवेकभाऊ, क्या पेंटिंग बनाई. मी म्हटलं, चार घंटे ऐकून तर घेऊ."

"मंग तुझं नाही?"

"नाही. माझं असतं तर हा ढाबा कालच बंद केला असता." त्याने खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले. "मी चार हिवाळे बर्फात काढले. मी बर्फ काढला तर साबणाच्या फेसासारखा दिसते. त्या चित्रासमोर उभा झालो आणि माझ्या पायाची बोटं सुन्न पडली, खरं सांगतो. आणि गंमत काय, ज्यानं काढलं त्यानं बर्फ पाहिला नाही."

अल्काबाईंचा कप अर्ध्यात थांबला. "कशावरून?"

"बर्फात खोडाच्या आसपास जरासा खड्डा पडते, तो सगळ्याच झाडांना पडते. इथे तसं नाही. काही झाडांखाली पार फांदीच्या टोकापर्यंत जमीन मोकळी, बाजूच्या झाडाखाली बर्फ तसाच. बर्फ असा वेचून पडत नाही ताई. मी एवढ्या वर्षांत असं कुठे पाहिलं नाही."

"आणि रात्रभर चित्र तुझ्या गाडीत होतं."

"साडीत बांधलेलं होतं. दीप्तीनं स्वतः गाठी मारून दिल्या. म्हणाली, खोलू नका, धूळ बसंल. मी नाही खोललं." मग खाली मान घालून म्हणाला, "मी कापलं असतं तर दुसऱ्या बाजूला माझं नाव टाकलं असतं ना."

ते खरंच होतं. चोराला नाव हवं असतं. इथे नाव काढलं होतं, पण त्या जागी कोणाचंच टाकलेलं नव्हतं. विवेक या खेळातून बाद झाला आणि उरले दोघे. त्यातला एक बोलायला उरला नव्हता, आणि दुसरी बोलायला तयार नव्हती.

अल्काबाईंनी वसतिगृहात फोन लावला. उत्तर आलं की दिव्या सामान बांधून गावी निघून गेली.

४

शनिवारी पहिल्या एसटीने गोंदिया आणि तिथून पॅसेंजरने दरेकसा. गाडी डोंगरात शिरली तसा खिडकीतून मोहाचा वास यायला लागला. गोडसर, जरा आंबूस, डोक्यात बसणारा. स्टेशनापासून दिव्याच्या टोलीपर्यंत, म्हणजे रानातल्या वस्तीपर्यंत, गुडघ्यांना शिव्या देत अल्काबाई चालत गेल्या. रानात बाया-माणसं टोपल्या घेऊन वाकलेली होती.

दिव्याचा बाप पतिराम फुलं वेचता वेचता उठला. "जय सेवा बाई. पोरीनं काही केलं का?"

"तिनं केलं का, तेच पाहायला आली," अल्काबाई म्हणाल्या. आणि मग त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं.

सगळं रान वाळल्या पानांनी भरलेलं होतं. पण प्रत्येक मोहाखाली, फांद्या जिथवर जातात तिथवर, जमीन गोल झाडून लख्ख केलेली. कचरा जाळल्याने ती काळी पडली होती, आणि त्या काळ्या गोलात टपोरी मोहफुलं पडलेली. शेजारचं तेंदूचं झाड, येनाचं झाड, त्यांच्याखाली पानांचा खच तसाच. त्यांच्याखाली कोण कशाला झाडेल?

अल्काबाई जागच्या जागी थांबल्या. हेच रान होतं. तेच वाकडे बुंधे, तीच उघडी झाडं. फक्त पानांच्या जागी बर्फ.

दिव्या मागून आली. हातात टोपली, कपाळाला पदरासारखी ओढणी गुंडाळलेली.

"दिव्या, तुझ्या चित्रात झाडांखाली बर्फ काऊन नाही गं?"

तिने अल्काबाईंकडे असं पाहिलं की या बाईला साधं कळत नाही. "मोहाखाली झाडतेतच ना जी."

"बरं. आणि बर्फ पडला तर?"

दिव्या उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तोंडावर हात गेला. मग ती हसायला लागली, पोटभर, आणि अल्काबाईंनी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"बापा. हे तं माह्या ध्यानातच नाही आलं. मोहाचं झाड काढलं का खाली झाडलेलंच येते हातातून." हसू ओसरलं. "सर पाहून खूप हसले होते. मी म्हटलं, चुकलं का जी? तं म्हणे, काही नाही चुकलं, ठेव तसंच."

सर या रानात शंभरदा येऊन गेलेले. हे गोल त्यांनाही माहीत. म्हणजे एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, हे अल्काबाईंना कळत होतं. दीप्ती म्हणेल, बाबांनीच काढले. त्या वळल्या आणि त्यांना डावीकडचं ते मोठं झाड दिसलं. मधून दुभंगलेला बुंधा, एक फांदी जमिनीकडे झुकलेली. चित्रातलं तेच. खाली मात्र आज लख्ख झाडलेलं.

"हे झाड कोणाचं?"

"आमचंच," पतिराम म्हणाला. "प्रत्येक झाड एकेका घराचं असते बाई. हे माह्या घरवालीचं, धनवंताचं. मागच्या साली होळीच्या आधी ती गेली. ज्या घरचं मानूस जाते ना, त्या सालभर आमच्या टोलीत त्याच्या झाडाखाली झाडत नाही. पानं पडली पडू दे, फुलं पडली पडू दे. कोनी हात लावत नाही. मागच्या साली हे तसंच होतं. यंदा पोरीनं झाडलं."

दिव्या दुसरीकडे पाहत होती.

"हे तू काल हॉलमध्ये काऊन नाही सांगितलं?"

"कायले सांगू?" ती म्हणाली. "आईचं आहे ते." मग आपणहून म्हणाली, "परीक्षा झाली का वसतिगृह बंद. मंग इथंच. रोजगार हमीचं काम, तेंदूपत्ता. इथं रंग कोठून येतीन? पन भांडून नाही घ्यायचं मले. सर गेले त्याच्यात दीप्तीताईचं माह्यापेक्षा जास्त गेलं."

५

परतल्यावर अल्काबाई घरी न जाता पिशवीत एक ब्लाउजपीस टाकून थेट दीप्तीच्या दुकानात गेल्या. ऊन उतरलं होतं. दीप्ती जाळीच्या ओढणीची कापलेली कड मांडीवर घेऊन बसली होती. हातात बिनरंगाच्या नेलपॉलिशची बाटली, आणि ती ब्रश कडेवरून हळूहळू फिरवत होती.

"धागे नाही सुटत त्यानं?" अल्काबाईंनी विचारलं.

"नाही ना. कड बसून जाते." दीप्ती बोलली आणि तिचा हात थांबला. ब्रशवरचा थेंब ओढणीवर पडला.

अल्काबाई स्टुलावर बसल्या. आवाज चढवला नाही.

"चित्र कापणाऱ्यानं कड बंद केली. चोर असता तर कशाला केली असती? तुला कापड कापून उघडं टाकवत नाही, दीप्ती. हाताची सवय आहे."

दीप्तीने ओढणीवरचा थेंब बोटाने पुसला.

"चित्र अपूर्ण आहे म्हणालीस. तुला खरंच तसं वाटलं. बाकी मोहाखाली मोकळं आणि एकाच झाडाखाली बर्फ, म्हणजे राहिलं असेल. पण ती जागा पुन्हा जवळून पाहा. सगळ्या चित्रात सगळ्यात जाड रंग तिथेच आहे, थरावर थर. राहून गेलेल्या जागेवर कोणी एवढा जीव ओतते का? तो बर्फ मुद्दाम टाकला आहे. ते झाड दिव्याच्या आईचं आहे. ज्या साली माणूस जाते त्या साली त्याच्या झाडाखाली झाडत नाहीत, आणि ते बिनझाडलेलं झाड मागच्याच साली होतं. तुझे बाबा तेव्हा ओसरीत खाटेवर होते. उंबऱ्याबाहेर गेले नाहीत, हे तूच सांगितलं."

"तिनं सांगितलं असंल बाबांना."

"सांगितलं असंल. मग त्यांनी ते काढताना तुला, घरात सतत असणाऱ्या पोरीला, एका शब्दानं सांगितलं नसतं? तुला तर ते अपूर्ण वाटलं."

बाहेरून भाजीवाल्याची हाक गेली. दीप्तीने नेलपॉलिशचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग तिला रडू फुटलं.

"मी मशीनवरून रोज पाहत होती ताई. ती रंगवे आणि बाबा खाटेवरून पाहत. एवढे खूष मी त्यांना कधी नाही पाहिलं. माझ्या बाबांनी जन्मभर लोकांची बॅनरं रंगवली. जयंती झाली का ती पावसात भिजून फाटून जात. कोणी नाव नाही विचारलं. ते गेल्यावर मी म्हटलं, एक तरी चित्र राहू दे त्यांच्या नावानं. तिचं सारं आयुष्य आहे समोर, ती आणखी काढंल. बाबा आता कोठून काढतीन?"

नोकरीत अल्काबाईंनी भल्याभल्यांना कबूल करायला लावलं होतं, पण असा गुन्हेगार त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. तरी त्या उठल्या, कारण उद्या रविवार होता.

"ती काही काढणार नाही, दीप्ती. तिच्याकडे रंगच नाहीत. उद्या हुकली तर ती पोर मजुरीला जाईल." दारात जाऊन त्या वळल्या. "मी कोणाला काही सांगितलं नाही. उद्या त्या नागपूरच्या बाईंना जे सांगायचं ते तू सांग. तू नाही सांगितलं तर मला सांगावं लागेल. आणि मला ते सांगायचं नाही."

दीप्ती ओढणीची घडी घालू लागली.

६

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पतिराम पोरीला घेऊन आला होता, म्हणजे अल्काबाईंनी त्याला फोनवर दम देऊन आणवला होता. विवेक ढाबा भावावर टाकून आला होता. दीप्तीची खुर्ची रिकामी होती.

चेतनाताई देशभ्रतार साठीच्या, केस आखूड, खादीचा कुर्ता. इतर चित्रं त्यांनी मन लावून पाहिली, पोरांना दोन शब्द चांगले सांगितले. बर्फाच्या रानासमोर आल्यावर त्या बोलायच्या थांबल्या. मागे गेल्या, पुन्हा जवळ आल्या. चष्मा काढला, पुसला, घातला. दुभंगलेल्या झाडाखालच्या बर्फाकडे त्या इतका वेळ पाहत राहिल्या की रत्नपालनी दोनदा घसा खाकरला.

"मी पुष्कळ बर्फ पाहिला आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "खरा पण आणि चित्रातला पण. एवढं थंड काही पाहिलं नाही. हे कोणाचं आहे?"

रत्नपालनी अल्काबाईंकडे पाहिलं. अल्काबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. दिव्या मान खाली घालून उभी, ओठ घट्ट मिटलेले. अल्काबाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि उठायला खुर्चीच्या हातावर जोर दिला.

"थांबा ताई."

दीप्ती खिडकीकडच्या गर्दीतून पुढे येत होती. बाया बाजूला झाल्या. ती सरळ चित्राजवळ जाऊन उभी राहिली आणि चेतनाताईंना म्हणाली, "मी केशोराव गजभियेंची मुलगी. माझ्या बाबांनी जन्मभर चित्रं काढली. असं एकही त्यांच्याने झालं नाही. ते मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत होतं. हे चित्र दिव्या उईकेनं काढलं." तिचा आवाज फुटला, तरी तिने पुढचं सांगितलं. "तिचं नाव मी कापलं."

हॉलमध्ये कुजबुज उठली. कोणीतरी "हाव का" म्हणालं. रत्नपालनी खुर्ची शोधली आणि बसले. विवेकने पुढे होऊन दिव्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला चित्रापर्यंत आणलं.

चेतनाताईंनी दीप्तीला काही विचारलं नाही. त्यांनी दिव्याला नागपूरबद्दल विचारलं. ती येईल का, बाबांची हरकत आहे का. पतिराम म्हणाला, "मी कायले अडवू? जाऊ दे ना तिले." झालं. एवढ्यात ठरलं. अल्काबाईंनी डोळे पुसले आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

मग चेतनाताई म्हणाल्या, "दिव्या, मला एक सांग. हे तुला कोणी शिकवलं? कसे शिकवायचे ते?"

दोन शब्दांच्या पुढे न बोलणारी पोर बोलायला लागली. सर म्हणत, पांढऱ्या डब्याला हात लावू नको, आधी सावली शोध. सर तिचा कागद कधी खोडत नसत, बाजूला दुसरा कागद घेऊन दाखवत. आई गेल्यावर ती बरेच दिवस ओसरीवर नुसती बसून राहायची, तर सर काही न बोलता खाटेवरूनच रंग कालवून तिच्यासमोर सरकवत आणि संध्याकाळी तसेच परत घेत. एक दिवस तिने सुरी उचलली. तेव्हा सरांनी तोंड भिंतीकडे केलं, कारण ते रडत होते. कंबर दुखत असली की ते हिंदी गाणी म्हणत, सूर एकही धड नाही. ती सांगत होती आणि लोक मधेच हसत होते, मधेच गप्प होत होते. यातलं पुष्कळसं दीप्तीला माहीत नव्हतं. ओसरीवर हे होत असताना ती पुढच्या खोलीत मशीनवर बसलेली असायची.

दीप्तीने एक खुर्ची ओढली, दिव्याच्या समोर ठेवली आणि ऐकत बसली.